ताण मनाला, झीज शरीराला

भावनिक ताण हा मेंदूने शरीराला दिलेला इशारा असतो. समोर आलेली अडचण आपल्या ताकदीबाहेरची आहे असे वाटले की मेंदू तो देतो, आणि काही सेकंदांत तो हृदय, रक्तवाहिन्या, यकृत, आतडी, स्नायू आणि रोगप्रतिकारक पेशींपर्यंत पोचतो. थोड्या वेळापुरता हा इशारा उपयोगाचाच असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागता येते, अंगावर धावून आलेल्या बैलापासून बाजूला उडी मारता येते, ती त्याच्याच जोरावर. अपाय सुरू होतो तो इशारा महिनोन्महिने बंद होत नाही तेव्हा. म्हणून ताणाचा शरीरावरील परिणाम मोजताना तो किती मोठा होता यापेक्षा किती काळ टिकला हे आधी पाहावे लागते.

जालना जिल्ह्यात हा काळ बऱ्याच अंशी पाऊस ठरवतो. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतील भाग मिळून हा जिल्हा झाला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा हे त्याचे आठ तालुके. सरासरी पाऊस ६५० ते ७५० मिलिमीटर असला तरी तो वेळेवर आणि सारखा पडेल याचा भरवसा नसतो. कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य खरीप पिके बहुतांश कोरडवाहू आहेत. शहरात लोखंडी सळया बनवणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल, शिवाय बियाणे उद्योग आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ ही बियाणे कंपनी इथेच सुरू केली. तरीही ग्रामीण भागातील बहुतेक घरांचा वर्षाचा हिशेब शेतीवरच मांडला जातो.

वर्षभराची चिंता

जूनमध्ये बियाणे आणि खताच्या पैशांची जुळवाजुळव सुरू होते. बँकेचे पीककर्ज वेळेवर मिळाले नाही तर कृषी सेवा केंद्राची उधारी, सावकार किंवा पाहुण्यांकडून हातउसने हे मार्ग उरतात. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली की दुबार पेरणीची धास्ती. पीक उभे राहिले की कीड. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यातील कपाशीचे मोठे नुकसान केले. पीक हाती आले की भाव. भाव पडला तर कर्ज पुढच्या वर्षावर जाते, आणि त्याच सुमारास घरातल्या लग्नाचा विषयही निघतो.

फळबागायतदाराची चिंता यापेक्षा लांबते. जालन्याची मोसंबी प्रसिद्ध असून तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. नव्या लावणीपासून चांगले उत्पन्न हाती यायला चार-पाच वर्षे लागतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. टँकरने पाणी घालूनही न वाचलेली झाडे शेतकऱ्यांना तोडावी लागली. अशा घरात एका वर्षाचे पीक तर गेलेच, शिवाय पुढच्या अनेक वर्षांचे उत्पन्नही बुडाले.

ज्यांना शेत पुरत नाही, त्यांतील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून आधी घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून काम करतात. आजारपणाने काम बुडाले तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. म्हणजे शरीर थकल्याची सूचना मिळाली तरी ती ऐकण्याची सोय नसते.

या चिंतांमधून शरीर सुटत नाही, याचे कारण त्याच्या रचनेत आहे.

शरीरात काय घडते

धोक्याची जाणीव झाली की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा छोटा भाग दोन वाटांनी काम सुरू करतो. पहिली वाट मज्जातंतूंची. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून ॲड्रेनॅलिन रक्तात येते. छाती धडधडते, रक्तदाब वाढतो, श्वास भरभर होतो, तोंडाला कोरड पडते, पचन मंदावते आणि रक्त स्नायूंकडे वळते. लढणे किंवा पळणे यासाठीची ही तयारी अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडून दाखवली.

दुसरी वाट संप्रेरकांची आणि थोडी सावकाश. हायपोथॅलॅमस पियूषिका ग्रंथीला संदेश देतो, ती अधिवृक्क ग्रंथीला देते आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. कॉर्टिसॉलमुळे यकृत साखर तयार करून रक्तात सोडते, चरबी मोकळी होते आणि सूज आटोक्यात राहते. कॉर्टिसॉल पुरेसे झाले की मेंदू ते ओळखून स्राव थांबवतो. ॲड्रेनॅलिन रक्तात काही मिनिटेच टिकते. कॉर्टिसॉलचे प्रमाणही तास-दीड तासात निम्म्यावर येते. धोका टळला की शरीर पूर्वपदावर यावे, अशीच ही व्यवस्था आहे.

पण मेंदूला समोरचा धोका आणि मनात घोळणारा धोका यांत फारसा फरक करता येत नाही. बँकेची नोटीस दिवसातून एकदाच वाचली तरी तिचा विचार रात्री पन्नास वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी वरची साखळी थोडीबहुत हलते. विहिरीवरची मोटार तासभरासाठी असते. ती रात्रंदिवस चालू ठेवली तर पाणी किती आहे हा प्रश्न नंतरचा, आधी मोटार जळते. सततच्या ताणातही तसेच होते. कॉर्टिसॉल एरवी पहाटे-सकाळी जास्त आणि मध्यरात्री सर्वांत कमी असते. हा चढ-उतार बिघडतो आणि स्राव थांबवणारी यंत्रणा बोथट होते.

हॅन्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले की प्रयोगशाळेतील उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम असा कोणताही त्रास दिला तरी त्यांच्या शरीरात ठरावीक बदल दिसतात: अधिवृक्क ग्रंथी फुगतात, रोगप्रतिकाराशी संबंधित अवयव आक्रसतात आणि जठरात व्रण पडतात. पुढे १९९३ मध्ये ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर यांनी वारंवार जुळवून घेताना शरीराची जी झीज साचत जाते तिची संकल्पना मांडली. ही झीज एका अवयवापुरती नसते. रक्तदाब, साखर, पोटावरची चरबी, झोप आणि सूज यांचे आकडे थोडेथोडे बिघडतात आणि एकत्र येऊन आजार घडवतात.

हृदय आणि रक्तदाब

सततच्या ताणाने रक्तवाहिन्या वारंवार आकुंचन पावतात, रक्तदाब चढा राहतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येऊन चरबीचे थर बसायला वाव मिळतो. भारतासह ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयविकाराच्या झटक्याशी जोडलेल्या नऊ प्रमुख घटकांत तंबाखू, रक्तदाब आणि मधुमेह यांच्या बरोबरीने मनोसामाजिक ताणाचीही गणना झाली. त्यात कामाचा, घरचा आणि पैशांचा ताण वेगवेगळा विचारला होता.

कारखान्यातील कामगाराचा ताण शेतकऱ्यापेक्षा वेगळा असतो. काम जास्त आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, अशी नोकरी हृदयाला जड जाते. युरोपातील १३ अभ्यासगटांतील जवळजवळ दोन लाख लोकांची माहिती एकत्र करून २०१२ मध्ये निघालेल्या निष्कर्षानुसार अशा नोकरीत हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी जास्त दिसला. हा धोका धूम्रपानापेक्षा लहान आहे, पण नगण्य नाही. भट्टीजवळची उष्णता, यंत्रांचा आवाज आणि बदलत्या पाळ्या यांची त्यात भर पडते. रात्रपाळीत शरीराचे घड्याळ आणि कामाचे घड्याळ उलट चालते, त्यामुळे दिवसा झोप मिळाली तरी ती पुरी होत नाही.

अचानक आलेला मोठा धक्का हा वेगळा प्रकार आहे. जवळच्या माणसाच्या मृत्यूची बातमी ऐकताच छातीत कळ येते, ईसीजी हृदयविकाराच्या झटक्यासारखा दिसतो, पण तपासणीत हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या आढळत नाहीत. ॲड्रेनॅलिनच्या लाटेने हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगून दुबळा झालेला असतो. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये वर्णन केलेला हा विकार ताकोत्सुबो म्हणून ओळखला जातो. पाळी गेलेल्या स्त्रियांत तो जास्त दिसतो आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. शोकाचा परिणाम मात्र याहून लांबतो. ब्रिटनमध्ये पत्नी गमावलेल्या, पंचावन्नहून अधिक वयाच्या ४,४८६ पुरुषांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यू अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होते आणि त्यांत हृदयविकाराचा वाटा मोठा होता.

साखर आणि पोट

कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनॅलिन ही दोन्ही संप्रेरके रक्तातील साखर वाढवतात. धावणाऱ्या माणसाच्या स्नायूंत ती जळून जाते; बांधावर बसून विचार करणाऱ्याच्या रक्तात ती तशीच राहते. आधीच मधुमेह असलेल्या रुग्णाची शुगर त्यामुळे गोळ्या चालू असतानाही वाढते. मधुमेह नसलेल्यांत पोटाभोवती चरबी साठते आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होत जातो.

‘मी तर काटकुळा, मला कसली शुगर’ हा समज इथे घातक ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३ होते, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय शरीरातही मधुमेहाची पार्श्वभूमी आधीपासून असू शकते, आणि दीर्घ ताण तिच्यात भर घालतो.

पोटाच्या तक्रारींमध्ये मात्र ताणाला त्याच्या वाट्यापेक्षा जास्त दोष दिला जातो. जठरातील व्रण केवळ चिंतेने होतात असे अनेक दशके मानले जाई. ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू अशा अनेक व्रणांना कारणीभूत असल्याचे दाखवले. त्यासाठी त्यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अंगदुखीसाठी मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हे दुसरे मोठे कारण. तरीही आतड्यांचे स्वतःचे विस्तृत मज्जाजाळे मेंदूशी सतत जोडलेले असते. त्यामुळे ताणात पित्त वाढल्यासारखे वाटणे, पोटात मुरडा, जुलाब किंवा बद्धकोष्ठता हे त्रास खरोखर होतात आणि असलेले दुखणे बळावते.

प्रतिकारशक्ती

तात्पुरते वाढलेले कॉर्टिसॉल सूज आवरते, पण ते सतत राहिले तर संसर्गाशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घालून पाहिले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्यांच्या मनावर ताण जास्त होता, त्यांना संसर्गही जास्त झाला. १९९५ मध्ये अमेरिकेत स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रियांच्या हातावर सारखीच छोटी जखम करण्यात आली. सेवेचा भार असलेल्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे सगळे करणाऱ्या सुनेचे किंवा मुलीचे स्वतःचे आजार रेंगाळतात, त्यामागे हेही एक कारण असते.

दवाखान्यात सांगितली जाणारी तक्रार

ग्रामीण दवाखान्यात कोणी ‘मी उदास आहे’ असे म्हणत येत नाही. तक्रार असते ती डोके जड असल्याची, अंग मोडून येण्याची, हातापायांना मुंग्या येण्याची, जेवण न जाण्याची, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागण्याची. अशक्तपणा म्हणून सलाईन मागितले जाते, सुई घेतली जाते, दोन दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते.

स्त्रियांच्या बाबतीत गोव्यात झालेले काम महत्त्वाचे आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगत’ या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेतील सहकाऱ्यांनी अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. जननमार्गाच्या संसर्गापेक्षा या तक्रारीचा संबंध नैराश्य, चिंता आणि घरातल्या त्रासाशी अधिक जवळचा असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे दर वेळी केवळ संसर्गाचे औषध देत राहिल्याने दुखण्याचे मूळ तसेच राहू शकते.

उलट चूकही तितकीच महागात पडते. छातीत दुखणे, दम लागणे, वजन झपाट्याने घटणे, एका बाजूची शक्ती जाणे ही लक्षणे ‘टेन्शनमुळे’ म्हणून सोडून देता येत नाहीत. छातीत दुखल्यावर आधी ईसीजी, मग बाकीचे बोलणे. सततच्या थकव्यात हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासावी लागते. रक्तक्षय असलेल्या बाईला केवळ धीर देऊन भागत नाही. ताण आणि शारीरिक आजार एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, आणि बऱ्याचदा असतातच.

ताणाचा आणखी एक मार्ग संप्रेरकांतून न जाता सवयींतून जातो. तंबाखूची चिमूट वाढते, संध्याकाळी दारू येते, जेवणाच्या वेळा चुकतात, पैसे वाचवायला बीपीची गोळी एक दिवसाआड घेतली जाते. निर्णयशक्तीवरही परिणाम होतो. तामिळनाडूतील ४६४ ऊसउत्पादक शेतकऱ्यांची २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोनदा चाचणी घेतली होती. तोडणीपूर्वी, हातात पैसा नसताना, त्यांची विचार करण्याची क्षमता तोडणीनंतरच्या तुलनेत कमी भरली. माणूस तोच होता. पैशांच्या विवंचनेने त्याचे अवधान अडवले होते. औषध वेळेवर घेणे किंवा कर्जाच्या अटी नीट वाचणे या गोष्टी नेमक्या अशाच दिवसांत चुकतात.

उपाय

वेळेवर झोप, रोज चालणे आणि सावकाश लांब श्वास यांनी हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उतरायला मदत होते. रात्री काम न करणाऱ्यांनी उठण्याची वेळ तरी ठरलेली ठेवावी. तंबाखू आणि दारू तेवढ्यापुरती मोकळीक देतात, पण झोप आणि रक्तदाब दोन्ही बिघडवतात. माणसांचा सहवास हा सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. तीन लाखांहून अधिक लोकांचा समावेश असलेले १४८ अभ्यास २०१० मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट होते त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. गावातील हरिनाम सप्ताह, भजनी मंडळ, बचतगटाची बैठक यांचे आरोग्याशी नाते या अर्थाने आहे. कर्ज झालेला माणूस आधी याच ठिकाणी जायचे बंद करतो. ते घरच्यांच्या लक्षात आले पाहिजे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातला रस गेलेला असेल तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. त्यासाठी प्रत्येक गावात मानसोपचारतज्ज्ञ असण्याची गरज नाही. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते ठरावीक पद्धतीने समुपदेशन करून नैराश्य कमी करू शकतात, हे गोव्यातील चाचण्यांनी दाखवले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमात अशी यंत्रणा उभी केल्यावर नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. देशाचे चित्र पाहता ही वाढ मोठी आहे. २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले होते.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. जालना त्यांपैकी एक. आशा कार्यकर्तीने शेतकरी कुटुंबांना भेटून ताणाची लक्षणे विचारायची, गरज असेल त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवायचे, अशी त्याची रचना आहे. १०४ या क्रमांकावर आरोग्य सल्ला मिळतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखवले तर त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यासाठी असे रुग्णालय जालन्यात उभारण्याचा निर्णय शासनाने घेतला आहे.

औषध आणि समुपदेशन शरीराची झीज थांबवू शकते. ताणाचे कारण मात्र दवाखान्याबाहेर असते. जालना तालुक्यातील कडवंची गावात १९९० च्या दशकात कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने पाणलोट विकासाचे काम सुरू झाले. पुढे शेततळी आणि द्राक्षबागा वाढल्या, आणि २०१२-१३ च्या दुष्काळातही बऱ्याच बागा तगल्या. वेळेवर मिळणारे पीककर्ज, नुकसानीनंतर लगेच हाती येणारी विम्याची रक्कम, ऊसतोडीच्या फडावरील दवाखाना आणि कारखान्यातील सोसवतील अशा पाळ्या या गोष्टी आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात दिसत नाहीत. तरीही जिल्ह्यातील रक्तदाब, शुगर आणि हृदयविकाराशी त्यांचा थेट संबंध आहे.